ठिकाणे नव्हे, रात्री मोजाव्यात



घाटनांदूर हे परळी–लातूर रोड लोहमार्गावरील एक स्थानक. अंबाजोगाई तालुक्यातील या गावातून निघालेली गाडी एका बाजूस परळी वैजनाथला, तर दुसऱ्या बाजूस लातूर रोड, उदगीर, बिदर असे करीत विकाराबाद आणि हैदराबादकडे जाते. अशा गावातील चार मित्रांनी युरोप पाहून येण्याचा बेत करावा, यात आता फारसे नवल राहिलेले नाही. तुमच्यापैकी बहुतेकजण नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहात. महिन्याच्या भिशीतून थोडेथोडे पैसे बाजूला टाकून, चार-पाच वर्षांनी एकदा मोठा प्रवास करावा, अशी इच्छा तुमच्याही मनात असेल. या लेखात अशा प्रवासाच्या आखणीविषयी एक मत मांडावयाचे आहे. ते असे, की अनेक मुक्कामांचा प्रवास आखताना ठिकाणे मोजू नयेत, रात्री मोजाव्यात; आणि हा हिशेब सर्व सोबत्यांनी एकत्र बसून, घरीच, कागदावर करावा.

हे मत वरवर पाहता साधे वाटते. प्रत्यक्षात मात्र आपली सर्व प्रवृत्ती याच्या उलट असते. ‘आयुष्यात एकदाच जायचे आहे, मग सगळेच पाहून घेऊ’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी उच्चारतोच. पैसा कष्टाचा असतो, रजा मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते. त्यामुळे हे वाक्य खोडून काढणे कोणालाही जड जाते. पॅरिस ठरते, मग ‘जवळच आहे’ म्हणून ब्रसेल्स येते, ब्रसेल्सहून ॲमस्टरडॅम दोनच तासांवर, तेथून कलोनचे चर्च, पुढे स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसच्या नावा आणि शेवटी रोम. यादी तयार होते तेव्हा सर्वांना आनंद होतो, कारण यादीत कोणाचीही निवड नाकारलेली नसते. परंतु ज्या आखणीत काहीच नाकारलेले नाही तिला आखणी म्हणावे का, हा खरा प्रश्न आहे.

आता हिशेब करून पाहू. समजा या चौघांना सोळा दिवसांची सवड आहे. गुरुवारी संध्याकाळी गाव सोडले, शुक्रवारी मुंबई गाठली, त्याच रात्री विमान धरले, तर शनिवारी युरोपात पाऊल पडेल. परतताना बुधवारी विमान, गुरुवारी मुंबई आणि शुक्रवारी सकाळी घर. म्हणजे सोळा दिवसांतून युरोपात झोपायला मिळणाऱ्या रात्री अकराच, आणि त्यांच्या मधले पूर्ण दिवस दहा. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या प्रवाशाला जो हिशेब करावा लागत नाही, तो घाटनांदूरकराला करावा लागतो. विमानतळ गाठण्यात आणि तेथून परतण्यात त्याचे दिवस जातात. कोणत्याही प्रवास-पुस्तिकेतील ‘बारा दिवस’ वाचताना ही दोन टोके तुम्ही स्वतः जोडून पाहावीत. या लोहमार्गावरील माणसाने मुंबईबरोबरच हैदराबादहून सुटणाऱ्या विमानांचे भाडेही विचारावे, कारण त्याच्यासाठी ते शहर अनेकदा अधिक सोयीचे पडते.

वर सांगितलेल्या सात शहरांच्या यादीत सहा वेळा मुक्काम हलवावा लागतो. पॅरिस ते ब्रसेल्स जलद गाडीने दीड तासाच्या आत जाता येते, हे खरे. ब्रसेल्स ते ॲमस्टरडॅम सुमारे दोन तास, ॲमस्टरडॅम ते कलोन पावणेतीन. पुढे मात्र कलोन ते ल्युसर्न पाच तासांहून अधिक, ल्युसर्न ते व्हेनिस सहा तासांच्या घरात आणि व्हेनिस ते रोम चार तास. बेरीज एकवीस तासांची होते. तथापि गाडीतील वेळ हा मुक्काम हलवण्याच्या वेळेचा केवळ एक भाग असतो. सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, योग्य फलाट शोधणे, नव्या शहरात उतरून निवासाची जागा हुडकणे, तेथे दुपारी दोन-तीनशिवाय खोली मिळत नसल्याने सामान कोठेतरी ठेवून बाहेर थांबणे, हे सारे धरले तर प्रत्येक हालचालीमागे आणखी चार तास सहज जातात. सहा वेळा चार म्हणजे चोवीस. एकवीस आणि चोवीस मिळून पंचेचाळीस तास. दिवसातील बारा तास हिंडण्याफिरण्याचे धरले, तर दहा दिवसांचे एकशे वीस होतात. म्हणजे पाहण्याच्या वेळेतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळ सामान उचलण्यात आणि गाड्या बदलण्यात संपतो. हे आकडे ढोबळ आहेत. परंतु ते तुमच्या वहीत तुम्ही स्वतः मांडून पाहिल्याशिवाय यादीतील एकही नाव गळणार नाही.

अर्धा दिवस देऊन शहर ‘पाहिले’ म्हणणे कितपत खरे असते, हे समजून घेण्यासाठी युरोपला जाण्याची गरज नाही. अंबाजोगाईचेच उदाहरण घ्या. परगावाहून आलेला प्रवासी योगेश्वरीचे दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि तासाभरात परळीच्या वाटेला लागतो. त्याने अंबाजोगाई पाहिली, असे तुम्ही म्हणाल का? मुकुंदराजांच्या समाधीकडे तो गेलेला नसतो; हत्तीखान्याची लेणी त्याने ऐकलेलीही नसतात; दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी याच गावात आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर हे वाचूनच हळहळ वाटेल. रोममध्ये एक दिवस देणारा प्रवासी रोमला हाच न्याय लावत असतो.

मुक्कामांच्या आखणीचा विचार आपल्याकडे नवा नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. शेकडो माणसांनी मिळून, अनेक थांबे घेत, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्याची जी पद्धत वारीने घडवली, तिच्याकडे आपण भक्तीच्या अंगाने पाहतो. आखणीच्या अंगाने क्वचितच पाहतो. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळी आणि अंबाजोगाईवरूनच पंढरपूरकडे जाते. तिची शिस्त तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली असेल. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे उदाहरण आखणीच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. आळंदीहून पुण्यास आल्यावर पालखी तेथे दोन रात्री राहते. त्यानंतर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा येतो आणि सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम होतो. लांबची मजल मारल्यानंतर विसावा द्यायचा, हे तत्त्व तेथे कोणी पाटीवर लिहून ठेवलेले नाही. ते चालणाऱ्यांच्या पायांनी ठरवले आहे. युरोपच्या प्रवासात पाय कमी आणि गाड्या जास्त, एवढाच फरक. थकवा मात्र तोच.

या दृष्टीने चौघांचा बेत पुन्हा मांडू. पॅरिसला चार रात्री, ल्युसर्नला तीन, रोमला चार, एकूण अकरा. मुक्काम दोनदाच हलवायचा. पॅरिसहून बासेलला गाडी बदलून ल्युसर्नला सुमारे पाच तासांत जाता येते. ल्युसर्न ते रोम हा या प्रवासाचा दिवे घाट म्हणावा लागेल. मिलानला गाडी बदलून सात तासांच्या आसपास लागतात. मात्र तो दिवस निव्वळ वाया जात नाही. वाटेत २०१६ साली सुरू झालेला गॉटहार्डचा पायथ्याचा बोगदा लागतो. ५७ किलोमीटर लांबीचा हा रेल्वेबोगदा जगातील सर्वांत लांब आहे. आल्प्सच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरताना घरांची छपरे, झाडे, स्थानकावरील पाट्यांची भाषा, सारेच बदलत जाते. अशा लांब टप्प्यानंतर रोमला चार रात्री मिळतात. पूर्वीच्याच मापाने मोजल्यास या आखणीत सुमारे वीस तास प्रवासात जातात, पंचेचाळीस नव्हे. वाचलेले पंचवीस तास म्हणजे दोन पूर्ण दिवस, आणि तेही एका रुपयाचा खर्च न वाढवता.

येथे तिकिटाविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बरेच प्रवासी सवयीने जाण्या-येण्याचे तिकीट एकाच शहराचे काढतात आणि मग शेवटच्या दिवशी रोमहून पुन्हा पॅरिस गाठतात. पॅरिसला उतरून रोमहून परतण्याचे तिकीट एकाच आरक्षणात काढता येते, आणि पुष्कळदा ते फारसे महाग नसते. किंचित महाग असले, तरी उलट फेरीचे भाडे आणि एक दिवस वाचतो. आपल्या लोकांना मागे फिरण्याचे पैसे लागतात हे कळते, मागे फिरण्याचा दिवस लागतो हे लवकर कळत नाही.

मुक्कामाच्या रात्रींना आणखी एक महत्त्व आहे, ते व्हिसाच्या नियमांत. शेंगेन करारात २९ देश असून एका व्हिसावर त्या सर्वांत फिरता येते; कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. परंतु अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे मनाने ठरवता येत नाही. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस सारखे असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. आपल्या बेतात फ्रान्स आणि इटली यांना सारखेच दिवस आहेत. प्रवेश पॅरिसला आहे. म्हणून अर्ज फ्रान्सकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबणे मात्र शहाणपणाचे नाही. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास-आरोग्यविमाही लागतो. ‘पॅरिसपासून लंडन सव्वादोन तासांवर’ असे सांगणारा मित्र याच वेळी थोपवावा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळे आणि कागदपत्रेही वेगळी. व्हिसा हाती येईपर्यंत निवासाची आरक्षणे रद्द करता येण्याजोगी असावीत, हे सांगायला नकोच.

स्थानकांच्या नावांविषयी मराठवाड्यातील माणसाला फार समजावावे लागू नये. लातूर आणि लातूर रोड ही एकमेकांपासून दूर असलेली दोन स्थानके आहेत, हे न कळून चुकीच्या ठिकाणी उतरलेला पाहुणा आपल्याकडे प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत असतो. व्हेनिसचे मेस्त्रे स्थानक मुख्य भूमीवर आहे आणि सांता लुचिया पाण्यातील शहरात. पॅरिसला तर दिशेनुसार निरनिराळी मोठी स्थानके आहेत. ब्रसेल्सची गाडी गार द्यू नोरहून सुटते आणि स्वित्झर्लंडची गार द लियाँहून. स्वस्त विमान कंपन्या ‘पॅरिस’ म्हणून ज्या बोवे विमानतळावर उतरवतात, तो शहरापासून ऐंशीएक किलोमीटर दूर आहे. तिकिटावर शहराचे नाव वाचून समाधान मानू नये. स्थानकाचे नाव वाचावे. वारही तपासावेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, ओर्से सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. आपले मित्र पॅरिसला शनिवारी पोहोचतात आणि रोमलाही शनिवारीच. म्हणजे लूव्र रविवारी किंवा सोमवारी, व्हॅटिकन सोमवारी किंवा मंगळवारी. एवढा एक विचार घरी केला नाही, तर बंद दारापुढे छायाचित्र काढून परतावे लागते.

आतापर्यंतचा हिशेब एकटा माणूसही करू शकेल. मित्रांबरोबरच्या प्रवासात खरी अडचण हिशेबाची नसते, न बोलल्या गेलेल्या गोष्टींची असते. चौघांपैकी एकजण माळकरी आहे आणि स्वतंत्र भांड्यात शिजलेलेच खातो. दुसऱ्याचा गुडघा दुखतो. तिसऱ्याला पहाटे उठून हिंडायचे असते. चौथा भिडस्त आहे आणि पैसे कमी पडत असले तरी सांगणार नाही. या चारही गोष्टी गावात असताना सर्वांना ठाऊक असतात. तरीही आखणीच्या कागदावर त्यांतील एकही उतरत नाही, कारण मित्रांत असे बोलणे परकेपणाचे वाटते. माझ्या मते हेच बोलणे सर्वांत आधी व्हावे. गुडघा दुखणाऱ्याला रोमच्या दगडी रस्त्यांवरून सामान ओढायला लावून नंतर हळहळण्यापेक्षा, स्थानकाजवळचे थोडे महाग निवासस्थान घेण्याचे आधीच ठरवावे. माळकऱ्यासाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. चौघांत ते बहुधा दोन खोल्यांच्या भाड्यात पडते, आणि रात्री पिठले-भात खाऊन बाकीचे तिघेही त्याचे आभार मानतात.

पैशांच्या बाबतीत सामाईक पेटीची पद्धत उत्तम. तिकिटे, निवास, किराणा आणि शहरातील प्रवास यांसाठी चौघांनी सारखी रक्कम आधीच जमा करावी. ती सर्वांत तंग खिसा असलेल्याला पेलेल एवढीच असावी. खरेदी ज्याची त्याची. भिडस्त मित्राला मग प्रत्येक दुकानात हसून नकार द्यावा लागत नाही. निवडीसाठी प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर फक्त दोन गोष्टी लिहाव्यात, ज्या पाहिल्या नाहीत तर त्याला चुटपुट लागून राहील. चार माणसांच्या आठ गोष्टी होतात आणि त्यांतील दोन-तीन तरी सारख्या निघतात. त्या आठांसाठी जागा आधी करावी, उरलेल्या वेळात इतर. ज्या शहराची आखणी ज्याने केली, त्या शहरात अखेरचा शब्द त्याचा, असाही नियम करावा. दिंडीत विणेकऱ्याचा मान सर्वजण राखतात आणि वीणा एका खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जात राहते. येथेही तसेच व्हावे. शिवाय प्रत्येक शहरात निदान अर्धा दिवस चौघांनी वेगळे फिरावे. मैत्री म्हणजे चोवीस तास एकमेकांच्या दृष्टीसमोर असणे, ही समजूत गावातही खरी नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रवासी कंपन्या दहा-बारा दिवसांत सहा-सात देश दाखवतात, जेवण मराठी देतात, भाषेची काळजी वाहतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना औषधपाणी सांभाळावे लागते किंवा ज्यांना परक्या देशात एकट्याने निर्णय घेणे नकोसे वाटते, त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोलाची आहे. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु अशा सहलीचे वेळापत्रक प्रवाशाच्या डोळ्यांसाठी बनवलेले नसते, हेही ओळखावे. युरोपीय नियमांनुसार बसच्या चालकाने साडेचार तास गाडी चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसभरात त्याने साधारणपणे नऊ तासांहून अधिक चालवायचे नसते. तुम्ही कोठे उतरता आणि किती वेळ थांबता, यात या नियमाचा मोठा वाटा असतो. कंपनीची सहल निवडली तरी रात्रींचा हिशेब तिलाही लावता येतो. पत्रकावर देशांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. कोणत्या गावी किती रात्री, हे बारीक अक्षरांत. ते बारीक अक्षर आधी वाचावे.

तुम्ही मराठी साहित्याचे विद्यार्थी आहात, म्हणून आणखी एका पुराव्याकडे लक्ष वेधतो. आपल्या प्रवासवर्णनांत जी पुस्तके टिकली, त्यांच्यामागे बहुधा मुक्काम आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली मथुरेच्या यज्ञाच्या ओढीने घराबाहेर पडले; ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पुष्कळ गावे ओलांडली, परंतु वाचकाच्या मनात राहते ती झाशी, जेथे त्यांचा मुक्काम लांबला. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० सालच्या ‘अपूर्वाई’मागे लंडनमधील वास्तव्य आहे. मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ तर अनेक वर्षे त्या शहरात घर केलेल्या बाईचे पुस्तक आहे. तुम्ही पुस्तक लिहिणार नसाल. पण परतल्यावर चार माणसांना काही सांगावे, एवढी इच्छा तर असतेच. एका दिवसाच्या शहराविषयी इमारतीची उंची सांगता येते. तिसऱ्या सकाळी त्याच पाववाल्याने तुम्हाला ओळखले, हे सांगण्यासाठी तिसरी सकाळ लागते.

प्रत्यक्ष कामाचा क्रमही रात्रींच्या हिशेबातूनच निघतो. आधी अकरा रात्रींची वाटणी, मग व्हिसाचा देश, त्यानंतर दोन टोकांचे विमान आणि मग युरोपातील गाड्या. तेथील जलद गाड्यांची तिकिटे बहुधा काही महिने आधी खुली होतात आणि सुरुवातीस स्वस्त असतात. मात्र स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसाच्या आधी ती घेण्याची घाई करू नये. परळी, लातूर रोड किंवा लातूर येथून मुंबईस जाणाऱ्या गाडीचे आरक्षण साठ दिवस आधीच खुले होते, तेव्हा ते सर्वांत शेवटी येईल. सुट्ट्यांच्या दिवसांत तीच जागा मिळणे सर्वांत अवघड असते. तारीख वहीत लिहून ठेवा, आणि आरक्षण उघडेल त्या सकाळी चौघांपैकी कोणी खिडकीवर जायचे, तेही आजच ठरवा.